घर विकणे आहे, माणसांसह

रिकामं घर विकलं जात नाही, हे एजंटनं भाचीला फोनवर अशा सुरात सांगितलं, की जणू तिनं ते केवळ त्याला पेचात टाकण्यासाठी रिकामं केलं होतं.

“लोक येतात मॅडम, आत पाऊल टाकतात, आवाज घुमतो. मग आपोआप हळू बोलायला लागतात. आणि हळू बोलणारं गिऱ्हाईक घर घेत नाही. शोकसभेला आल्यासारखं जरा वेळ मान खाली घालून उभं राहतं, आणि जातं.”

“मग मी काय करू? नोकरी सोडून तिथे येऊन राहू?”

“तुम्ही नाही. पण कोणीतरी राहतंय असं वाटलं पाहिजे. गॅसवर चहा उकळतोय, दोरीवर चार कपडे वाळतायत, आतून कोणीतरी खोकतंय. घर जिवंत वाटलं पाहिजे.”

भाची दुसऱ्या राज्यात राहत होती. तिला भाची म्हणायचं कारण एवढंच, की या गोष्टीत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मामाची भाची म्हणूनच वागते; एरवी ती बऱ्यापैकी शहाणी बाई आहे. एका रंगाच्या कंपनीत ती छटा तपासायची. काल निघालेला क्रीम रंग आणि आज निघालेला क्रीम रंग यांत फरक आहे हे सांगणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता, आणि असा काहीही फरक नाही हे ठासून सांगणं हा तिच्या साहेबांचा. बढती मिळाली, बढतीच्या मागोमाग दूरच्या कारखान्यात बदली आली. नवरा गणिताच्या शिकवण्या संगणकावरून घ्यायचा. त्याला कुठल्याही राज्यात बसून कुठल्याही राज्यातली मुलं रडवता यायची, म्हणून तो आपली खुर्ची उचलून निमूटपणे निघाला. मागे राहिलं ते घर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, आणि प्रत्येक भिंत वेगळ्या रंगाची, कारण कारखान्यातले उरलेले नमुन्याचे डबे फुकट मिळायचे आणि एका डब्यात एकच भिंत व्हायची.

आणि मागे राहिला मामा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बिनलग्नाचा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या एका खोलीत राहणारा. वडीलधाऱ्यांपैकी भाचीला आता तेवढाच उरला होता. खात्यात त्यानं काय केलं हे खुद्द खात्यालाही नीट सांगता आलं नसतं, पण गावातल्या हौशी नाटकमंडळीत तो जन्मभर प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसायचं आणि अडलेल्याला पुढचं वाक्य पुरवायचं. या कामाची एक खोड त्याच्या अंगात मुरली होती. समोरचा बोलता बोलता जरा थांबला, की मामा आवाज खाली आणून त्याचा पुढचा शब्द सांगायचा. तपासणीच्या वेळी डॉक्टर “तुमचा...” म्हणून विचारात पडले, की मामा हळूच म्हणायचा, “रक्तदाब.” डॉक्टर पुढे म्हणायचे, “हां, रक्तदाब वाढलाय.” एकदा तो वाढलेला नव्हताही.

तर या मामाला आपल्याकडे आणायचं, हे भाचीनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हातारा माणूस, एकटा, गुडघे कुरकुरतायत. फोन केला तर उशिरा उचलतो, धापा टाकत बोलतो, आणि लगेच ठेवतो. बिचारा एकटेपणानं आतल्या आत कुढत असणार. नव्या गावात तिनं मुद्दाम तळमजल्यावर जास्तीची खोली असलेलं घर पाहिलं होतं आणि त्या खोलीला देण्यासाठी स्वतःच्या हातानं एक रंग कालवला होता, ज्याला कंपनीच्या पत्रकात नाव नव्हतं. जुनं घर विकलं जाईल तेव्हाच ते नवं हातात येणार होतं. आणि मामाचंही म्हणणं तेच होतं. “ये रे मामा” म्हटलं की तो म्हणायचा, “घर विकलं जाऊ दे गं. तोवर किल्ली कोण सांभाळणार?”

म्हणजे घर विकलं, की मामा आला. भाचीच्या लेखी हिशेब सरळ होता.

एजंटचं म्हणणं तिनं मामाला सांगितलं, तेव्हा पलीकडे मामानं चार-पाच नावं पुटपुटली. मग मामा म्हणाला, “माणसं हवीत ना? माणसं माझ्याकडे आहेत.”

“कसली माणसं?”

“चांगली आहेत. पाठांतर पक्कं आहे.”

माणसांसह घर दाखवायचं ठरल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक यायचं होतं त्या दुपारी भाची जेवणाच्या सुट्टीत नमुन्यांच्या खोलीत जाऊन बसली. चारी बाजूंना डब्यांचे मनोरे, मध्ये स्टूल. मामानं आपला फोन तिकडे बैठकीच्या फळीवर, फुलदाणीला टेकवून उभा केला होता. तिला आपल्याच घराची बैठक दिसत होती, फक्त ती भरलेली होती. सोफा होता. गालिचा होता. टेबलावर अर्धवट विणलेला स्वेटर होता. सोफ्यावर एक उंच, टकलू गृहस्थ पेपर वाचत बसले होते, आणि आतून एक ठसठशीत बाई पदराला हात पुसत बाहेर येत होती.

“मामा, ही कोण?”

“ही तू,” मामाचा आवाज आला.

“मी?”

“औषधांच्या दुकानातल्या बाई आहेत. तुझी भूमिका करतायत. आणि हे कॅशियर, बँकेतून निवृत्त झालेत, हे जावईबापू. नमस्कार करा जावईबापूंना, तेही बघतायत.”

टकलू गृहस्थांनी फुलदाणीला नमस्कार केला. घरून फोनवर जोडला गेलेला नवरा म्हणाला, “छान आहेत. भारदस्त आहेत.”

“मामा, सोफा कुठून आणलास?”

“मंडळीच्या सामानातला आहे. पाठीमागून बघू नकोस, पाठ नाहीये त्याला.”

तेवढ्यात बेल वाजली. एजंट एका वयस्कर जोडप्याला घेऊन आत आला. पुढची पंचवीस-तीस मिनिटं भाचीनं स्वतःच्या संसाराचा एक प्रयोग पाहिला, जो मूळ संसारापेक्षा बराच सरस वठला होता. औषधवाल्या बाई चहा आणत होत्या. कॅशियर पेपरातून मान वर करून म्हणत होते, “अगं, तू बस जरा, सकाळपासून उभी आहेस.” हे वाक्य भाचीनं आपल्या घरात आजवर ऐकलं नव्हतं. मामा खिडकीपाशी आजोबा होऊन बसला होता आणि अधूनमधून खोकत होता. खोकला हुकमी होता. पाहुण्यांनी भिंतीच्या ओलीचा विषय काढला, की यायचाच.

“घर तसं...” पाहुणे म्हणाले आणि छताकडे बघत थांबले.

“प्रशस्त,” मामा हळूच म्हणाला.

“प्रशस्त आहे,” पाहुणे म्हणाले.

भाचीनं डब्याला डोकं टेकलं. जमलं, तिला वाटलं.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. “मॅडम, ते नाही म्हणतायत.”

“का? त्यांना तर आवडलं होतं.”

“फार आवडलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, इतक्या सुखी माणसांना घराबाहेर काढून आपण कुठे राहणार, आपल्याला घास गोड लागणार नाही.” एजंट जरा घुटमळला. “मॅडम, तुमच्या घरचे फार सुखी आहेत. थोडे कमी करता येतील का?”

भाचीनं मामाला फोन लावून सुख कमी करायला सांगितलं. मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाईंना वाईट वाटेल. त्यांनी फार जीव ओतला होता.”

“मामा, हे घर विकायचंय. पारितोषिक नाही घ्यायचंय.”

“बरं. मग भांडण बसवू?”

“थोडंसं. चवीपुरतं.”

नाटकमंडळीत चवीपुरतं असं काही नसतं, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. पुढच्या गिऱ्हाइकासमोर पडदा उघडला तो औषधवाल्या बाईंच्या आवाजानं. “या माणसाला मी काय म्हणून केलं?” त्या विचारत होत्या. फुलदाणीमागून भाची बघत राहिली. बाईंनी कमरेवर हात ठेवले होते. बोलताना त्या उजवी भुवई उचलत होत्या, आणि नवऱ्याला तोडताना “ते राहू दे, तू मुद्द्याचं बोल” असं म्हणत होत्या.

“ही मी आहे?” तिनं फोनवर नवऱ्याला विचारलं.

“भुवई बरोबर आहे,” नवरा म्हणाला.

“मी असं कधीच बोलत नाही.”

“ते राहू दे,” नवरा म्हणाला आणि थांबला, आणि पुढचं त्यानं सुज्ञपणे गिळलं.

गिऱ्हाईक म्हणून आलेले गृहस्थ शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी घर पाहिलंच नाही. त्यांनी खुर्ची ओढली, दोघांना समोरासमोर बसवलं, आणि आधी तिचं, मग त्याचं ऐकून घेतलं. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी कॅशियरनी खरोखर गहिवरून बाईंची माफी मागितली. बाईंनीही भुवई खाली घेतली. मुख्याध्यापक उठले, दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आता घर विकायचा विचारसुद्धा मनात आणू नका,” आणि आयुष्यात एक चांगलं काम केल्याच्या समाधानात निघून गेले.

एजंटनं या वेळी आधी मुख्याध्यापकांना रिक्षात बसवून दिलं. मग म्हणाला, “मॅडम, रिकामंच ठेवू या का?”

त्या रात्री जेवताना नवऱ्यानं, पोळीचा तुकडा हातात धरून, हळूच सांगितलं, “मला विचारशील तर मामांना घर विकायचंच नाहीये.”

“काहीतरीच. तो तर वाट बघतोय. घर विकलं की येतो म्हणाला.”

“म्हणाला खरा.”

एवढंच बोलून तो जेवायला लागला. गणिताच्या माणसांना ही वाईट सवय असते, उत्तर सांगून गप्प बसायचं. भाचीचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी तिनं मामाला व्हिडिओ कॉल लावला. तो धापा टाकतच आला. मागे कुठेतरी कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

“मामा, खरं सांग. तुला माझ्याकडे यायचंय ना?”

“आवाज तुटतोय गं.”

“मला स्वच्छ ऐकू येतंय.”

“चित्रही गेलं,” मामा तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, आणि फोन ठेवला.

भाची कामावर गेली आणि त्या दिवशी तिनं दोन क्रीम रंग सारखेच आहेत असं लिहून दिलं. साहेबांना शंका आली की बाईंची तब्येत बरी नसावी.

तिसरं गिऱ्हाईक एक तरुण जोडपं होतं. बायको इस्पितळात भूलतज्ज्ञ, म्हणजे माणसांना झोपवणारी, आणि नवरा तिथेच एक्स-रे काढणारा. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. भाचीनं या वेळी बजावून ठेवलं होतं: सुखही नको आणि भांडणही नको, निव्वळ घर दाखवा. मामानं ते मंडळीला सांगितलं. तेव्हा औषधवाल्या बाई म्हणाल्या होत्या, “म्हणजे वास्तववादी.” तसं वास्तववादी सुरू झालं. भाची डब्यांच्या मनोऱ्यांत श्वास रोखून बसली.

पंधरा मिनिटं सगळं झकास चाललं. मुलगी सरळ मामाकडे गेली आणि विचारलं, “तुम्ही खरंच खोकता का?” मामा म्हणाला, “हवा असेल तेव्हा.” तिनं मागितला, त्यानं दिला. मग तिनं मांजराचा खोकला मागितला. मामानं तोही दिला. मग राजाचा, मग चोराचा. मुलगी गालिच्यावर लोळून हसत होती आणि तिची आई जिन्याच्या पायरीवर बसून हे बघत होती. आईचे डोळे इस्पितळातली रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखे लाल होते, पण ती हसत होती.

एक्स-रेवाल्याचं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. आरपार बघण्याचाच पगार घेणारा माणूस. तो औषधवाल्या बाईंकडे बघत होता. बाई चहासाठी कप काढायला समोरच्या उघड्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यांनी उजवीकडचं कपाट उघडलं. त्यात विजेचे मीटर होते. त्यांनी ते गंभीरपणे बंद केलं, जणू रोज सकाळी मीटरांची खबरबात घ्यायचा घराण्याचा रिवाज होता. मग त्यांनी खालचं कपाट उघडलं. त्यात नाटकातली तलवार होती.

“किती वर्षं राहताय इथे?” एक्स-रेवाल्यानं विचारलं.

बाईंनी कॅशियरकडे पाहिलं. कॅशियरनी मामाकडे पाहिलं. मामा नेमका त्या क्षणी घोड्याचा खोकला खोकत होता.

“डावीकडचं कपाट,” फुलदाणी म्हणाली.

सगळ्यांच्या माना फुलदाणीकडे वळल्या.

भाचीला कळलं की हे आपण बोललो. न बोलणं तिच्या हाती उरलंच नव्हतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्या बाईनं कप शोधावेत आणि ते सापडू नयेत, हे कोणत्याही बाईला फार वेळ बघवत नाही. एक्स-रेवाला उठला, फळीपाशी आला, आणि फोन उचलून त्यानं तोंडासमोर धरला. त्याच्या मागे एकदम सगळ्यांचे चेहरे दिसले.

“आपण कोण?”

“मी,” भाची म्हणाली, आणि औषधवाल्या बाईंकडे बोट दाखवलं. “म्हणजे त्या ज्या आहेत, ती मी आहे.”

मग जिन्यावरची भूलतज्ज्ञ हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तिनं तोंडावर हात धरला, मग तोही सोडला. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं, आणि पाण्याचा पेला आणायला औषधवाल्या बाई या वेळी बरोबर डाव्या कपाटाकडे गेल्या. एजंटनं आपलं तोंड उंबऱ्याकडे फिरवलं होतं. तो मनातल्या मनात दुसरा धंदा शोधत असावा.

“म्हणजे हे कोणीच इथे राहत नाहीत?” भूलतज्ज्ञ शेवटी म्हणाली.

“मी पलीकडच्या गल्लीत राहते,” औषधवाल्या बाई म्हणाल्या. “पण तुम्ही जरा दम धरला असता तर दुसरा अंक फार चांगला होता.”

“आणि आजोबा? आजोबा तरी खरे आहेत का?”

“आजोबा खोटे आहेत, मामा खरा आहे,” भाची म्हणाली. “माझा.”

भूलतज्ज्ञ बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. लग्न मुरलेल्या माणसांत होते तशी एक बिनशब्दांची बैठक तिथल्या तिथे पार पडली. मग ती फोनजवळ आली.

“घर आम्ही घेतो,” ती म्हणाली. “भिंतींचे रंग भीषण आहेत, पण घेतो. फक्त एक विचारायचं होतं. आमच्या दोघांच्या पाळ्या उलटसुलट असतात. घरात कोणी मोठं माणूस नाही. वरची खोली आम्हाला लागत नाही. तर मामा घराबरोबर मिळतील का?”

“अहो, मामा म्हणजे काय पंखा आहे का घराबरोबर द्यायला?”

“पंखे ठेवणार आहात ना?” एजंटनं मध्येच विचारलं. धंद्याचा विषय निघाल्यावर त्याच्यात पुन्हा जीव आला होता.

“मामा माझ्याकडे येणार आहे,” भाची म्हणाली. “त्याची खोली ठरलेली आहे. तळमजल्यावर. रंगसुद्धा तयार आहे.”

“त्यांना विचारलंय?”

“हजारदा.”

“मग ते काय म्हणाले?”

मामा काय म्हणाला होता? मामा म्हणाला होता, घर विकलं जाऊ दे. मामा म्हणाला होता, किल्ली कोण सांभाळणार. मामा म्हणाला होता, आवाज तुटतोय. एवढं सगळं म्हणाला होता, पण “येतो” हा साधा शब्द त्याच्या तोंडून सुटा कधी आलाच नव्हता. तो तिनंच प्रत्येक वेळी जोडून घेतला होता.

“फोन मामाकडे द्या,” ती म्हणाली. “आणि सगळे जरा आत जा.”

सगळे आत गेले, म्हणजे दाराच्या चौकटीपर्यंत. मामानं फोन हातात घेतला. पडद्यावर आधी त्याची हनुवटी, मग कपाळ, मग एकदाचा तो सबंध आला.

“बोल,” भाची म्हणाली. “आवाज तुटत नाहीये.”

मामानं चष्मा काढला, पुसला, घातला. “तुला वाईट वाटेल.”

“वाटू दे. मोठी आहे मी.”

“शाळेचा हॉल गेला आमच्या हातून,” मामा म्हणाला. “तिथं व्यायामशाळा केली. आम्हाला तालमीला जागाच उरली नव्हती गं. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या दुकानात माल उतरला नसेल तर मागच्या खोलीत. मंडळी मोडायलाच आली होती. मग तू किल्ली माझ्याकडे ठेवून गेलीस. तेव्हापासून रोज इथे तालीम चालते. गिऱ्हाईक येवो न येवो.”

“म्हणून तुझा फोन उशिरा उचलला जातो?”

“फोन खाली बैठकीत असतो, वरून यावं लागतं. वर आम्ही तलवारबाजी बसवतोय.”

“या गुडघ्यांनी?”

“गुडघे बरे आहेत. तुझ्याशी बोलताना दुखतात.” मामानं फोन जरा जवळ घेतला. “तू इतक्या मायेनं विचारतेस की नाही म्हणवत नाही. म्हणून घराचं नाव सांगितलं. वाटलं, घर काही लवकर जात नाही. तुझ्याकडे मी आनंदानं येईन, चार दिवस राहीन. पण कायमचा आलो तर तुम्ही दोघं कामाला, आणि मी त्या सुंदर रंगाच्या खोलीत बसून तुमची वाट बघणार.”

“मला वाटलं तू इथे एकटा पडलायस.”

“एकटं पडायला वेळ तर पाहिजे,” मामा म्हणाला.

भाचीनं डब्यांकडे पाहिलं. कितीतरी महिने तिनं एका एकट्या, कुढणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याची काळजी वाहिली होती. जिवापाड वाहिली होती. आणि असा म्हातारा कुठे अस्तित्वातच नव्हता. तिला रडू आलं असं वाटलं, म्हणून तिनं रुमाल काढला. पण आलं ते हसू होतं, आणि ते नंतर बराच वेळ थांबेना. मामा आधी घाबरला, मग तोही हसायला लागला. चौकटीत उभे असलेले सगळे, काय झालं ते न कळताही, हसायला लागले, कारण मंडळीतल्या लोकांना मागे उभं राहून साथ द्यायची सवयच असते.

हातात मात्र गोष्ट अजून तिच्याच होती. तिनं या लोकांना नाही म्हटलं असतं, तर आज ना उद्या कोणी दुसरं आलं असतं, घर गेलं असतं, मामाचं निमित्तही गेलं असतं. आणि मामा आला असता. भिडेखातर, मुकाट्यानं, बॅग घेऊन आला असता. हे तिला स्वच्छ दिसलं, दोन क्रीम रंगांमधला फरक दिसतो तितकं.

“डॉक्टरबाईंना बोलवा,” ती म्हणाली.

भूलतज्ज्ञ आली.

“घर देते. मामा देत नाही, तो द्यायची वस्तू नाही. पण त्याला वर राहायचं असेल, तर ते तुम्ही आणि तो ठरवा. त्याला धरून ठेवायचं नाही. त्याच्यावर मुलगी टाकून रोज उठून जायचं नाही, त्याला तालीम असते. आणि बैठकीत तालमी होतील.”

“रोज?”

“रोज,” चौकटीतून औषधवाल्या बाई म्हणाल्या.

“बघायला मिळेल ना?”

“बघायलाच तर कोणी येत नाही,” कॅशियर म्हणाले. एवढं दुःख त्यांनी भांडणाच्या प्रवेशातही दाखवलं नव्हतं.

“वरच्या खोलीचं भाडं मी देणार,” मामा म्हणाला. “फुकट राहणार नाही.”

“ते आपण नंतर बघू,” एक्स-रेवाला म्हणाला.

“आत्ताच बघायचं,” मामा म्हणाला, आणि दोघं त्यावर मोठ्या प्रेमानं वाद घालू लागले. एजंट पुढे सरकला आणि खाकरून म्हणाला, की जुन्या मालकाचा माणूस घरात राहणार असेल तर दलालीचा प्रश्न जरा वेगळा होतो. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की त्यानं तो प्रश्न तिथेच सोडून दिला.

पुढचं सगळं भराभर झालं. मुखत्यारपत्र मामाच्या नावानं निघालं, आणि भाचीच्या वतीनं सह्या करायला मामा निबंधक कार्यालयात गेला. बरोबर साक्षीला सगळी मंडळी गेली. तिथल्या कारकुनानं नंतर एजंटला सांगितलं म्हणे, की इतकी स्पष्ट वाणी असलेले साक्षीदार कार्यालयानं कधी पाहिले नव्हते. नवं घर हातात आलं. तळमजल्यावरच्या खोलीचं काय करायचं असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा भाची म्हणाली, रंग तोच द्यायचा. चार दिवस येणाऱ्यालाही खोली लागतेच.

फोन आता मामाच करतो, आणि घाईत करतो.

“ऐक. या महिनाअखेरीला प्रयोग आहे. हॉल मिळालाय, इस्पितळाचा. डॉक्टरबाईंनी मिळवून दिला. मी रंगमंचावर आहे.”

“म्हणजे विंगेत?”

“विंगेत नाही. वर. उजेडात. चोर आहे मी.”

“मोठं काम आहे?”

“पहिल्या अंकात पकडला जातो,” मामा म्हणाला. “पण पकडला जाईपर्यंत सगळे माझ्याचकडे बघत असतात.”

“आणि विंगेत कोण बसतं?”

“औषधवाल्या बाई. हळू बोलताच येत नाही त्यांना. प्रेक्षकांना आधी वाक्य कळतं आणि मग आमच्याकडून ऐकायला मिळतं. ठेवतो, खाली बोलावतायत.”

दुसऱ्या दिवशी भाची साहेबांकडे रजा मागायला गेली. साहेब नवा क्रीम रंग दिलेल्या नमुन्याच्या पत्र्याकडे बघत होते.

“रजा कशासाठी?”

“माझा मामा नाटकात चोर झालाय. बघायला जायचंय.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “चोराचं काम किती असतं?”

“पहिल्या अंकात पकडला जातो.”

“मग एक दिवस पुरेल की.”

“नाही साहेब,” भाची म्हणाली. “दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग आहे. आणि पुन्हा पकडणार आहेत.”